मैदानावरचा कार्यक्रम आणि ऐन वेळची विघ्नं : नव्या कार्यकर्त्यांसाठी

मंडळाच्या बैठकीत "यंदा सांस्कृतिक तुझ्याकडे" असं एकदा ठरलं, की नव्या कार्यकर्त्याच्या हातात जुनी वही येते. तीत कलाकारांचे फोन असतात, मांडववाल्याचं कोटेशन असतं, साउंडचा रेट आणि सत्कारमूर्तींची यादी असते. पाऊस आला तर काय, हे मात्र त्यात कुठेच नसतं. विचारलं तर "बघू तेव्हाचं तेव्हा" किंवा "बाप्पा बघून घेईल" असं उत्तर मिळतं. बाप्पा विघ्नहर्ता खराच, पण जनरेटरमध्ये डिझेल आपणच भरायचं असतं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नमुना धरू. साताऱ्यासारखं गाव, शाळेचं मैदान, पाचशे खुर्च्या, गणपतीतला मराठी गाण्यांचा कार्यक्रम, वेळ संध्याकाळी सात ते दहा. गायक-वादक पुण्या-मुंबईहून येणार. तुमचा कार्यक्रम व्याख्यानमालेचा असो, एकांकिका स्पर्धेचा असो की सोसायटीच्या कोजागिरीचा, आकडे बदलतील, कामाची रीत हीच राहील.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. काय काय बिघडू शकतं याची लांबलचक यादी करायचा मोह होतो आणि ती यादी कधी पुरी होत नाही. त्यापेक्षा असं बघा : लाईट गेली, पाऊस आला, गायिका खंबाटकी घाटात अडकली, पोलीस आले. कारणं निराळी, पण प्रत्येक वेळी अडतं ते त्याच तीन ठिकाणी. थांबायचं की चालू ठेवायचं हे ठरवायचं कोणी, किती वाजेपर्यंत ठरवायचं आणि लोकांना सांगायचं कोणी. ही तीन उत्तरं आधी कागदावर आली की निम्मा आराखडा झाला.

ठरवणारा माणूस स्टेजवर नको

बहुतेक मंडळांत निर्णय अध्यक्षांचा असतो. ते योग्यच आहे, फक्त कार्यक्रमाच्या तीन तासांत नाही. कारण त्या वेळी अध्यक्ष पाहुण्यांच्या शेजारी, पहिल्या रांगेत किंवा थेट व्यासपीठावर बसलेले असतात. मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात पाणी साचलंय, हे त्यांच्या कानाशी जाऊन सांगायचं म्हणजे पाचशे लोकांसमोर वाकत वाकत जायचं. मग कोणी जात नाही. किंवा चौघं जातात आणि चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

म्हणून त्या संध्याकाळपुरता एक 'मैदानप्रमुख' नेमा. त्याला ना हार घालायचा, ना भाषण करायचं, ना पाहुण्यांना चहा विचारायचा. त्याने स्टेजच्या बाजूला, जिथून मांडव, गेट आणि साउंडचं टेबल तिन्ही दिसतं अशा जागी उभं राहायचं. त्याच्या गैरहजेरीत कोण, तेही नावानिशी ठरवा. दोन अधिकार त्याला बैठकीतच देऊन टाका : कार्यक्रम थांबवायचा आणि ठरावीक रकमेपर्यंत न विचारता खर्च करायचा. रक्कम खजिनदारांना विचारून ठरवा. रात्री आठ वाजता प्लास्टिकचा कागद आणायला पैसे कोण देणार, यावर वाद घालत भिजणारी मंडळं पुष्कळ पाहिली आहेत.

त्याच्या हाताखाली तिघं पुरतात. एक लाईट-साउंडवाल्याशी बोलणारा, एक गेटवर, एक कलाकारांसोबत. प्रत्येकाच्या खिशात सगळ्यांचे नंबर लिहिलेली कागदाची चिठ्ठी हवी. गर्दीत फोनची रेंज जाते, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या वेळी नेमके आरतीचे फोटो पडत असतात.

वेळ उलटी मोजा

पर्यायी हॉल 'बोलून ठेवला' म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कोणत्या घटकेपर्यंत उपयोगाचा आहे, ते काढावं लागतं.

आपल्या नमुन्यात शाळेचा सभागृह-हॉल हा पर्याय आहे. कार्यक्रम सातला. साउंडवाल्याला मैदानावरचं सामान उचलून हॉलमध्ये लावायला दीड तास, साउंड चेकला अर्धा तास, म्हणजे पाच वाजता सामान हलायला लागलं पाहिजे. टेम्पो आणि हमाल बोलवायला थोडा वेळ धरला, तर निर्णयाची घटका साडेचार. पण सगळं मैदानावर उभं करून मग हलवण्यापेक्षा, दुपारी बारालाच ढग बघून साउंड थेट हॉलमध्ये उतरवणं केव्हाही स्वस्त. आणि कलाकार पुण्याहून दुपारी निघणार असतील, तर कार्यक्रम रद्दच करायचा असल्यास ते निघण्याआधी सांगणं हे साध्या रीतभातीचं आहे.

म्हणजे घटका दोन झाल्या : बारा आणि साडेचार. बाराला 'हॉल की मैदान' हा पहिला विचार, साडेचारला शेवटचा. साडेचारनंतर हॉलचा विषय बंद. त्यानंतर पाऊस आला तर फक्त 'थांबू, आटोपतं घेऊ किंवा रद्द करू' एवढंच शिल्लक. हे कागदावर नसेल, तर साडेसहाला कोणीतरी उत्साहाने "अजून हॉल आहे ना!" म्हणतो आणि अर्धं सामान इकडे, अर्धं तिकडे होऊन बसतं.

हॉलमध्ये पाचशे माणसं मावत नाहीत, ही अडचण आधीच मान्य करा. अडीचशे मावत असतील, तर ज्येष्ठ आणि लांबून आलेले आत, बाकीच्यांसाठी व्हरांड्यात स्पीकर, असं काहीतरी ठरवून ठेवा. हॉलचा एक फायदाही आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा जो नियम आहे, तो सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत चालणाऱ्या ध्वनीला तसाच लागू नाही. आवाज बाहेर गेला नाही म्हणजे झालं.

पाऊस, वारा आणि वीज

भाद्रपदात नुसतं आभाळाकडे बघून अंदाज बांधू नका. हवामान विभाग जिल्हावार इशारे चार रंगांत देतो : हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. आदल्या दिवशी ते बघायचे आणि कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज बघायचा. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आहे, ते मैदानप्रमुखाच्या फोनवर हवंच. रंगावरून काय करायचं तेही आधीच ठरवा. नारिंगी असेल तर बाराच्या घटकेला हॉल, लाल असेल तर रद्द. त्यावर बैठक घ्यायची नाही.

मांडववाल्याला 'वॉटरप्रूफ आहे का' एवढं विचारून भागत नाही, कारण तो हो म्हणणारच. पाणी कुठून उतरणार ते विचारा. कापडाला उतार नसेल, तर मध्ये झोळ पडतो, झोळात पाणी साचतं आणि मग ते एकदम कोसळतं, बहुतेकदा बरोबर तबल्यावर. बांबूने खालून ढकलून पाणी काढणारी दोन पोरं मांडवात ठेवायची. वाऱ्याचा धोका पावसाहून मोठा असतो. स्टेजमागचा मोठा फ्लेक्स वारा धरतो आणि आख्खी चौकट ओढतो. वारा सुटला की पहिलं काम फ्लेक्स उतरवायचं, मग त्यावर प्रायोजकांचे फोटो कितीही मोठे असोत. प्रायोजकांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे नंतर रुसवे नाहीत.

वायरींचे जोड जमिनीवर लोळत असतील, तर ते विटांवर उचलून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घ्या. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलाय का आणि अर्थिंग दिलंय का, हे मंडळाच्या ओळखीच्या वायरमनकडून दाखवून घ्या. साउंडवाल्याच्या शब्दावर राहू नका. गडगडाट ऐकू आला, की कार्यक्रम थांबवायचा आणि लोकांना शाळेच्या पक्क्या इमारतीत न्यायचं. लोखंडी खांबांच्या मांडवाखाली किंवा झाडाखाली थांबवायचं नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास कोरडा गेला, तरच पुन्हा सुरू. शाळेच्या वर्गांच्या किल्ल्या शिपाईमामांकडून दुपारीच घेऊन ठेवा.

उन्हाचंही याच्यात धरा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर भर दुपारी झाला आणि उष्माघाताने चौदा जणांचा जीव गेला. एप्रिल-मे महिन्यांतला मैदानी कार्यक्रम सूर्य कलल्याशिवाय ठेवायचाच नाही, याइतका सोपा आणि फुकटचा उपाय दुसरा नाही. ओआरएसची पाकिटं त्यानंतरची गोष्ट.

लाईट गेल्यावरचं पहिलं मिनिट

जनरेटर ठेवलाय म्हणजे लाईटची चिंता मिटली, असं वाटतं. खरी गंमत लाईट गेल्यापासून जनरेटर लागेपर्यंत असते. अंधार होतो. लहान मुलं ओरडतात. कोणीतरी शिट्टी मारतो. जनरेटरवाला टपरीवर गेलेला असतो. त्याला शोधून आणल्यावर तो स्टार्टर मारतो, चेंजओव्हरचा (मेन लाईनवरून जनरेटरवर नेणारा) खटका फिरवतो आणि लाईट येते, पण आवाज येत नाही. कारण साउंडच्या टेबलावरचा डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा चालू होतोय आणि त्याच्या पडद्यावर अजून कंपनीचं नावच झळकतंय. इकडे ॲम्प्लिफायर चालूच राहिलेले असले, तर मिक्सर जागा होताना स्पीकरमधून 'धाड' असा आवाज निघतो आणि त्यात एखादा ट्विटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा भाग) जातो.

यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. मिक्सरला संगणकाचा साधा यूपीएस लावा. मिक्सर बंदच पडत नाही. स्टेजच्या दोन्ही बाजूंना आणि गेटवर बॅटरीवरचे दिवे हवेत, आपोआप लागणारे असले तर उत्तम. निवेदकाच्या हाताशी बॅटरीवर चालणारा हातातला भोंगा हवा. जनरेटरवाल्याने जागा सोडायची नाही, त्याचा चहा जागेवर पोचवायचा. ही शेवटची ओळ आराखड्यात खरंच लिहा.

जनरेटर केवढा घ्यायचा? लाईटवाल्याकडून आणि साउंडवाल्याकडून लोड किलोवॅटमध्ये लिहून घ्या आणि बेरीज करा. २५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे साधारण २० किलोवॅट, आणि तो काठोकाठ भरायचा नसतो. बेरीज पंधराच्या वर गेली, तर मोठा घ्या किंवा शोभेच्या माळा जनरेटरवरून काढा. चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडू द्यायचा नाही. उलटा प्रवाह लाईनमध्ये गेला, तर खांबावर चढलेल्या महावितरणच्या माणसाच्या जिवावर बेततं. डिझेलचे कॅन मांडवापासून आणि वडापावच्या स्टॉलच्या शेगडीपासून लांब ठेवा.

उशीर झाला तर कात्री कुठे लावायची

हे विघ्न सर्वांत जास्त वेळा येतं आणि सर्वांत कमी वेळा आराखड्यात असतं. दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद. ठरावीक सणांना बारापर्यंत मुभा देता येते, ती वर्षाला पंधराच दिवस, आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. तुमचा दिवस त्या यादीत आहे का, हे महिनाभर आधी बघून ठेवा. पोलीस ठाण्यात साहेबांना ऐन वेळी विनंती करणं हा आराखडा नव्हे.

समजा पावसाने पंचेचाळीस मिनिटं खाल्ली. आता काय कमी करायचं? नव्या माणसाला वाटतं, दोन-तीन गाणी. तेच सगळ्यात चुकीचं. लोक गाण्यांसाठी आलेत. कापायचं ते दीपप्रज्वलनानंतरचं प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, देणगीदारांचे सत्कार, आभार. पण हे ऐन वेळी कापायला गेलात तर मंडळात तोंडं वाकडी होतात. ज्याची शाल राहिली तो पुढच्या वर्षी वर्गणी देत नाही. म्हणून कापण्याचा क्रम बैठकीत ठरवून, इतिवृत्तात घालून ठेवा. माझा क्रम असा : आधी आभार, ते निवेदक एका वाक्यात मांडेल. मग सत्कार, ते स्टेजवर न करता मध्यंतरात बाजूला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढायचे. फोटो निघाला की निम्म्या लोकांची तक्रार नसते. मग प्रास्ताविक. पाहुण्यांचं मनोगत सर्वांत शेवटी, आणि तेही कापायचं नाही, 'साहेब, दोनच मिनिटं' असं अध्यक्षांनीच जाऊन सांगायचं. हे काम कार्यकर्त्यावर टाकू नका.

कलाकारांकडूनही दोन याद्या आधीच मागून घ्या. तीन तासांची आणि दीड तासाची. चांगले वादक-गायक हे हसत देतात, कारण त्यांनाही मध्येच "अजून एकच घ्या" ऐकण्यापेक्षा ते बरं वाटतं.

कलाकारच अडकले तर? खंडाळ्याच्या घाटात दरड आली किंवा खंबाटकीत ट्रक उलटला, तर तास-दोन तास जातात. गायक दुपारीच गावात आणून जेवायला घालणं, एवढा खर्च परवडतो. वाद्यं वेगळ्या गाडीत असतील, तर ती गाडी आधी निघाली पाहिजे. आणि अर्धा तास भरून काढायला गावातलीच कोणीतरी जोडी तयार ठेवा : हार्मोनियम-तबला, दोन भजनं, एक नाट्यपद. त्यांना आधी, मानाने सांगा, मानधन ठरवा. बदली म्हणून नाही, नांदी म्हणून बोलवा. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला तरी त्यांना दहा मिनिटं द्या.

समुद्रकाठच्या मंडळांना घड्याळासोबत भरती-ओहोटीचं वेळापत्रकही सांभाळावं लागतं. २०२५ साली लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे कित्येक तास अडलं, ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. मोठमोठ्यांचीही निसर्गापुढे मात्रा चालत नाही.

गर्दी आणि माणूस कोसळणं

सातारा जिल्ह्यात हा विषय कोणाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २५ जानेवारी २००५ ला वाई तालुक्यात मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून जास्त माणसं गेली. अरुंद चढाची वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि त्यांत लागलेली आग. जत्रा मोठी आणि आपला कार्यक्रम छोटा, पण निसरडी वाट, एकच दरवाजा आणि शेगडी हे तिन्ही आपल्याकडेही असतात.

गेट दोन हवीत, समोरासमोर असली तर उत्तम, आणि कार्यक्रमभर दोन्ही उघडी. मागचं गेट 'फुकटे येतात' म्हणून कुलूप लावून बंद करायचं नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली ५९ जण गेले, त्यात बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या असणं हे मोठं कारण होतं. खुर्च्यांच्या मध्ये आणि दोन्ही कडांना वाट सोडा, आणि त्या वाटेवर उशिरा आलेल्या नगरसेवकांसाठी नव्या खुर्च्या टाकू देऊ नका. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चारपेक्षा जास्त माणसं दिसायला लागली, की गेटवरच्या माणसाने आत सोडणं थांबवायचं. मोजायला साधी खूण : माणसांना हात वर घेणं अवघड जाऊ लागलं, म्हणजे उशीर झालाय.

कोणी कोसळलं तर १०८ ला फोन. पत्ता सांगताना 'शाळेचं मैदान' नको. रस्ता, जवळचं देऊळ किंवा बँक, आणि कोणत्या गेटने यायचं ते. हा पत्ता आधीच लिहून चिठ्ठीवर घाला. एक जण चौकात जाऊन रुग्णवाहिकेची वाट बघत उभा राहिला पाहिजे, कारण मंडपांनी रस्ते बदललेले असतात. गेटसमोर दुचाकी लावू दिल्यात, तर ती आत येणार कशी? श्वास बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यायचा, हे दोन तरी कार्यकर्त्यांना शिकलेलं हवं. गावातल्या डॉक्टरांना विचारा, एका संध्याकाळी ते शिकवतील.

माईकवर काय बोलायचं

तीन घोषणा लिहून, निवेदकाच्या फाईलमध्ये वेगवेगळ्या रंगाच्या कागदावर ठेवा. उदाहरणार्थ थांबण्याची : "रसिकहो, पाऊस आल्याने कार्यक्रम आपण वीस मिनिटं थांबवतोय. आठ वाजून दहा मिनिटांनी पुढचं सांगू. आपल्या डावीकडे शाळेची इमारत उघडी आहे, ज्येष्ठांना आणि लहानांना आधी जाऊ द्या." यात किती वेळ, पुन्हा कधी बोलणार आणि कुठे जायचं, हे तिन्ही आहे. "कृपया सहकार्य करा" एवढंच दहादा म्हटलं की लोक अस्वस्थ होतात. सांगितलेल्या वेळी बोललंच पाहिजे, सांगण्यासारखं काही नसलं तरी. धूर दिसला, तर 'आग' हा शब्द माईकवर घ्यायचा नाही. कोणत्या गेटने बाहेर पडायचं तेवढंच, हळू आणि दोनदा.

अशा वेळी माईक निवेदकाशिवाय कोणाच्या हाती द्यायचा नाही. पाहुण्यांच्याही.

पैशांचं आधीच बोलून घ्या

पावसाने रद्द झालं तर कलाकारांचं किती मानधन द्यायचं, साउंडवाला लावून बसला असेल तर किती, मांडववाला वाऱ्याने फाटलेलं कापड कोणाच्या खात्यावर टाकणार, हे आगाऊ रक्कम देतानाच एका कागदावर घ्या. सह्या व्हायला संकोच वाटला, तर निदान व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि 'ठीक' असं उत्तर घ्या. तिकीट लावलं असेल, तर परतावा की पुढची तारीख, हे तिकिटाच्या मागेच छापा. विमा मोठ्यांपुरताच असतो असं नाही. मुंबईच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२४ साली ४०० कोटींहून जास्त रकमेचा विमा उतरवला होता तो दागिन्यांसकट. आपल्याला लोकांना इजा झाल्यास भरपाई आणि कार्यकर्त्यांचा अपघात, एवढ्यापुरता घेता येतो. सरकारी विमा कंपन्यांच्या शाखेत चौकशी करा.

एकदा लाईट घालवून बघा

आदल्या संध्याकाळी, मांडव उभा राहिल्यावर, कोणाला न सांगता मेन स्विच खाली ओढा आणि घड्याळ लावा. जनरेटरवाला कुठे आहे, बॅटरीचे दिवे लागतात का, भोंग्यात सेल आहेत का, सगळं उघडं पडेल. साउंडवाला चिडेल, म्हणून त्याची जोडणी होण्याआधी हे करा. मग मैदानप्रमुखाने नुसतं विचारायचं, "आत्ता एक बाई कोसळल्यात, काय करायचं?" ज्याला उत्तर सुचलं नाही, त्याच्या चिठ्ठीत ते लिहा.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांत, चहापाण्याच्या बैठकीत, काय कधी बिघडलं आणि कोणी काय केलं हे वेळांसकट अर्ध्या पानात लिहून काढा. आठवड्याने विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. ते पान, घोषणांचे कागद आणि जनरेटरच्या लोडचा हिशोब त्या जुन्या वहीतच चिकटवा, म्हणजे पुढच्या वर्षी ज्याच्याकडे सांस्कृतिक येईल त्याला ते मिळेल.